वस्तीवरच्या शाळेतल्या होड्या

"माझ्या पोरीचा दाखला द्या, मॅडम," रुपेश वर्गाच्या दारातूनच म्हणाला.

प्रज्ञामॅडम तेव्हा स्टुलावर चढून दोरीला शब्द लिहिलेल्या कागदी होड्या बांधत होत्या. राजुरीच्या पुढं वस्तीवरची ही दोन शिक्षकांची शाळा, आणि तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. संध्याकाळी शिक्षकांचे ब्लॉग चाळायचे, सकाळी त्यातला उपक्रम वर्गात उतरवायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा. खाली अंगठ्यांचा पाऊस! आधी मुखवटे झाले, मग टोप्या झाल्या, या आठवड्यात होड्या. पी हळद अन् हो गोरी, असा सगळा कारभार.

"बसा ना भाऊ. काय झालं?"

"बसायला टाइम न्हाई. काल श्रेयाला म्हणलं, धड्यातली एक ओळ वाच. तर म्हणती, पप्पा, वाचता नाय येत, पण होडी लई भारी करते मी. आता होडी घिऊन मी कुठं जाऊ?"

"येईल हो हळूहळू."

"तिसरीत नाय तर मग कवा? सोमवारी येतो. इंग्लिश मिडियमची गाडी आता वस्तीपर्यंत येती."

तो गेला. श्रेया तिथंच बसली होती, हातात कात्री घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं अर्धवट कापलेला कागद दप्तराखाली सरकवला. ते प्रज्ञानं पाहिलं. मराठीच वाचता न येणारी ही पोर त्या नव्या शाळेत गेली, तर शेवटच्या बाकावर 'ढ' म्हणून बसणार, आणि ना धड मराठी ना धड इंग्रजी अशी तिची गत होणार. हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

आधी प्रज्ञाला रागच आला. आपण काय कमी राबतो? अवसरी बुद्रुकचं तिचं घर म्हणजे आजोबांपासून पोटाला चिमटा काढून पोरं शिकवणारं. कामचुकारपणा तिच्या रक्तात नव्हता. मग चुकतंय कुठं? रागाच्या भरातच तिनं होड्यांच्या ब्लॉगखाली दिलेला नंबर फिरवला. वैजयंती नावाच्या, कोकणातल्या एका बंदरावर शिकवणाऱ्या बाईंनी फोन उचलला.

"ताई, तुमचा उपक्रम जसाच्या तसा केला. मुलं वाचत नाहीत," प्रज्ञा जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

"होड्यांवर लिहिलंत काय?"

"तुमचेच शब्द. जाळं, वल्हं, शीड."

"तुमच्या मुलांनी वल्हं पाहिलंय का हो?"

वल्हं प्रज्ञानं स्वतः तरी कुठं हातात धरलं होतं?

"माझ्या मुलांच्या घरच्या होड्यांवर नावं रंगवलेली असतात," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ती रोज नजरेखालून जातात, म्हणून मी तिथून सुरुवात केली. आणि वर्षभर तेच केलं. पहिले काही महिने तर हाती भोपळा! ब्लॉगवर मात्र मी शेवटच्या दिवसाचा फोटो टाकला. चूक माझीही आहे, अपयशही लिहायला हवं होतं."

"मग ब्लॉग वाचूच नयेत का?"

"असं कसं? मीही वाचते. एकट्या माणसाला सुचून सुचून किती सुचणार? पण बियाणं कुठूनही आणलं तरी पेरण्याआधी आपली माती बघतोच ना आपण? तुमची मुलं रोज कुठलं लिहिलेलं बघतात, ते सांगा मला."

एवढी वर्षं त्या वस्तीवर काढून हे सांगता येत नाही, याची प्रज्ञाला फार लाज वाटली.

रविवारी ती सरळ रुपेशच्या रानात गेली. टोमॅटोचा तोडा चालू होता. रुपेशनं मान वर केली नाही. "दाखल्याला शाळंत येतो म्हणलं व्हतं ना मी?"

"मी श्रेयाला भेटायला आलेय."

श्रेया बांधावर रिकामी कॅरेट लावत होती. बाजारात सगळ्यांची प्लॅस्टिकची कॅरेट एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक जण आपल्या कॅरेटवर रंगानं नाव टाकतो. पोर भराभर कॅरेट वेगळी करत होती. हे आपलं, हे मोहितच्या पप्पांचं, हे आदेशकाकांचं. एकही चुकत नव्हती.

प्रज्ञा जागीच थबकली. मग तिनं 'रुपेश' लिहिलेल्या कॅरेटवर हात ठेवला आणि शेवटचं अक्षर तेवढं उघडं ठेवलं. "हे अजून कुठल्या कॅरेटवर आहे गं?"

श्रेयानं बापाकडं बघितलं. रुपेश आता काम थांबवून उभा होता. पोर घाबरली, ओठ चावू लागली. इथं ही चुकली तर सोमवारी दाखला लिहावाच लागणार.

श्रेया एकेक कॅरेट बघत गेली आणि एकावर बोट ठेवून पुटपुटली, "आदेशकाकांच्यात हाय. आपल्यातला श त्यांच्यात पण हाय."

अहो, पोरगी 'ढ' नव्हतीच! तिच्या अक्षरांपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

रुपेशनं घाम पुसला. "दिवाळीपर्यंत थांबतो, मॅडम. त्याच्या फुडं न्हाई."

त्यानंतर वर्गात कॅरेट आली. कॅरेटवरच्या नावांतली अक्षरं सुटी झाली, जुळली, त्यांचे शब्द झाले, मग पुस्तक उघडलं. कित्येक दिवस काहीच हलेना. ग्रुपवर फोटो नाही, म्हणून "मॅडम थंडावल्या का?" असे टोमणे आले. प्रज्ञानं ते गिळले. रोज तेच, त्याच मुलांबरोबर.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालक जमले. श्रेया उभी राहिली, अडखळली, एक शब्द पुन्हा पहिल्यापासून लावला, पण धडा तिनं शेवटपर्यंत वाचला. रुपेश खाली मान घालून ऐकत होता. वाचन संपलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "दाखला ऱ्हाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "आनी ते कसं शिकिवलं, ते आमाला बी सांगा. धाकटा हाय घरी."

प्रज्ञा आजही ब्लॉग वाचते. आता लिहितेही, फसलेलं आधी आणि जमलेलं नंतर.

गुरुजनहो, पालकहो, दुसऱ्याच्या चांगल्या कल्पनेला दार जरूर उघडा, तिच्या धन्याचं नावही सांगा. पण वर्ग फोटोसाठी भरत नाही. समोरचं मूल रोज काय बघतं, हे आधी त्याच्या घरी जाऊन बघा, आणि ते शिकेपर्यंत त्याचा हात सोडू नका.