साठ ग्रॅम

कामावर बापाला ‘बाबा’ म्हणायचं नाही, हा बाबांचाच नियम. तिथे ते मिस्त्री आणि लेक मॅडम. पगार मॅडमचा जास्त, तोरा मिस्त्रींचा.

शंभर मीटर लांब पाण्याची टाकी. वर रुळांवरून गाडी पळते, तिच्या दांड्याला पाण्याखाली मॉडेल जोडलेलं असतं आणि पाण्याचा जोर किती ते पडद्यावर उमटतं. आजचं मॉडेल बिनमाणसांच्या पाणबुडीचं: सडपातळ, लाकडी, मिस्त्रींनी दोन महिने घासलेलं. निवृत्तीआधीचं शेवटचं. सरळ ओढल्यावर बाजूचा जोर शून्य यायला हवा. आला साठ ग्रॅम.

"वाकडं आहे," मोठे साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर टाका भंगारात. नवं मशीनवर कापून घेऊ."

मिस्त्रींचा चेहराच पडला. लेकीला धीर द्यायचा होता, पण तोंडातून निघालं भलतंच. "चष्म्याचा नंबर वाढलाय, बदला म्हणून कितीदा सांगितलं!"

"आणि दांडा कोणी बसवला? मॅडमनीच ना? घरातलं कॅलेंडर तरी सरळ लावता येतं का?" मिस्त्री उसळले. "उलटं करा मॉडेल, पोट वर! खोट त्याच्यात असेल तर जोरही दुसऱ्या बाजूला जाईल. दांड्यात असेल तर आहे तिथेच राहील."

बरोबर होतं. आपल्याला हे आधी सुचलं नाही, याचीच तिला जास्त चीड आली. पाणी शांत व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ दोघं एकमेकांकडे ढुंकूनही न बघता एकाच डब्यातलं खात बसली.

गाडी पळाली. जोर त्याच बाजूला, पन्नास ग्रॅम.

तिचा जीव भांड्यात पडला. आपण चुकलो म्हणून इतका आनंद कुणाला झाला नसेल! "दांडाच वाकडा बसलाय. सगळी चूक माझी, बाबा!" नियम गेला खड्ड्यात. साहेबांना कळवायला तिने फोन उचललासुद्धा.

मिस्त्री मात्र पडद्याला नाक लावून उभे. "आधी साठ, आता पन्नास. फरक दहाचा. माझी खोट आधी दांड्याच्या जोरात मिळाली, आता त्यातून वजा झाली; म्हणून निम्मे, पाच, माझे."

"पाच ग्रॅमनी काय होतंय? कुणाला कळणार आहे?"

"पंचावन्न तुझे, पाच माझे. तसंच सांग साहेबांना." त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला, मॉडेलच्या कुशीवरून अंगठा फिरवला आणि वर न बघताच म्हणाले, "आणि चष्म्याच्या दुकानात कधी जायचं, तेही सांग."