पालीनं झुरळ खाल्लं नाही

"हे काय चघळतंय ते?" माईंनी खुर्ची करकर मागे सरकवली. "दिवा लावा रे कुणीतरी. मला मळमळतंय."

दिवा कुणी लावला नाही. गोदामाच्या भिंतीवर, औषधाच्या पिंपांच्या वरच्या अंगाला, नातीनं पांढरी चादर ताणून बांधली होती. यंत्रातून त्या चादरीवर तिनं काढलेली हलती चित्रं पडत होती, आणि त्यात हातभर लांबीचं एक झुरळ आपली मिशी तोंडातून ओढून साफ करत होतं. समोर पाल बसली होती. खायचं सोडून टकामका बघत होती मेली.

माईंचा जन्म गेला होता या जातीला मारण्यात. नवऱ्यामागं औषध फवारायच्या एका पंपावर त्यांनी हा घराघरांतली झुरळं मारायचा धंदा उभा केला. शाळा दोन-चार बुकांपुढे सरकली नाही, पण कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की कुठल्या फटीत काय लपलंय ते नाकानं सांगत. आणि थोरल्याची ही पोरगी, चित्रं काढायला शिकवलेली, त्यांच्याच गोदामात झुरळाला नवरदेव करून बसली होती!

"थोडंच राहिलंय, माई," नात म्हणाली. "बघ तरी."

"बघतेच आहे. ओकारी दाबून बघतेय."

थोरला फिदीफिदी हसला. "माई, उद्या गिऱ्हाईक म्हणेल, आमच्याकडचं मारू नका, त्याचं जमलंय."

धंद्याची गाडी चालवणारा गाडीवाला मात्र हसेना. मघापासून तो नाक ओढत होता. एवढा दांडगा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि पाल उपाशी राहून वाळत चालली म्हणून डोळे पुसत होता. माईंना त्याचीही शिसारी आली.

चादरीवर आता एक बंद दार होतं. दाराच्या फटीतून धूर बाहेर येत होता आणि ती दोघं बाहेर पायरीवर बसली होती. पाल काहीतरी बोलली. झुरळ उठलं, तिच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आलं आणि तिथं टेकलं. मग मान कलती करून ऐकू लागलं.

थोरल्याचं हसू तोंडातच राहिलं.

घराघरांत औषधाचा धूर सोडणाऱ्या धूरवाल्याचा उजवा कान त्या यंत्राच्या आवाजानं कधीच खाल्ला होता. कुणाशी बोलायचं तर तो आधी असाच वळसा घालून डाव्या बाजूला घ्यायचा समोरच्याला. हे गोदामातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

 घरात धूर भरला की दार लावून दोघांनी बाहेर थांबायचं, धूर बसेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही, ही रीत माईंनीच घातलेली. रोज सकाळी कुणी कुणाबरोबर जायचं त्या जोड्याही त्याच लावत. धाकटा मुलगा गेल्यावर त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिला माईंनीच हाताला धरून उठवलं, कामावर लावलं आणि मुद्दाम धूरवाल्याबरोबर घातलं. भुवया जळलेल्या, अंगाला आंघोळीनंतरही औषधाचा भपकारा, वर बहिरा. त्याच्याकडे कोण ढुंकून बघणार? तरण्या पोरीला याहून निर्धास्त जागा नाही, असं मनाशी म्हणून त्या रात्री सुखानं झोपल्या होत्या.

त्यांनी मान वळवली. धाकटी सून पिंपाला टेकून खाली बसली होती. धूरवाला दाराशी उभा होता. ती चादरीकडे बघत होती, तो आपल्या बुटांकडे. एकमेकांकडे इतकं न बघणारी दोन माणसं माईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"शी!" त्या म्हणाल्या. "शी, शी, शी. उद्यापासून धाकटी, तू फोनवर बसायचंस. आणि धूरवाल्या..." त्यांनी आवाज चढवला, "तू दुसरीकडे कुठं काम बघ."

"बरं, माई," धूरवाला म्हणाला. खालमानेनंच.

"बरं काय बरं! लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "म्हणून तर बोललो नाही काही."

धाकटी उठली नाही. बसल्या जागेवरूनच, दळण आणायला निघाल्यासारखं बोलली, "मग मीही निघेन, माई. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही मला उठवलंत. पण परत तशी पडून राहणार नाही मी."

"हे तुला त्यानं शिकवलं?"

"ते कशाला शिकवतील? ते ऐकतात फक्त."

"अर्ध्या कानानं!" माई फिसकारल्या. पण कुणीच हसलं नाही, थोरलासुद्धा नाही.

तेवढ्यात चादरीवरचं दार उघडलं. आतून एक पाऊल बाहेर आलं. अंगठ्याचं हाड फुगून बाहेर आलेलं, टाचेला भेगा, घोट्यावर निळ्या शिरांची गुंतवळ. पाल आणि झुरळ एकमेकांना चिकटली. वरून एक हात खाली आला, त्यानं पायातली चप्पल काढली, उगारली. चित्र तिथंच थांबलं.

थोरल्यानं हळूच माईंच्या पायांकडे बघितलं. मग गाडीवाल्यानं. माईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पुढं?" गाडीवाल्याचा आवाज चिरकला. "मारते का ती?"

"पुढचं काढलंच नाही अजून," नात म्हणाली. "सुचत नाहीये."

चित्राच्या यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. चादरीवरचा तो हात हलत नव्हता. माई त्याच्याकडे बघत राहिल्या. मनगट त्यांचं, बोटांची पेरं त्यांची, करंगळी वाकडी तीही त्यांचीच. तोंड मात्र पोरीनं काढलं नव्हतं.

"किती घाण पाय काढलाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"माई, मी..."

"आणि असा हात वर धरून ठेवलास तो किती वेळ? बाईमाणूस आहे ते, खांब नाही. खांदा भरून येतो."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू!" त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या. मागं न बघताच बोलल्या, "खाली घे तो हात. पण त्या दोघांना गळ्यात गळे घातलेलं दाखवलंस तर याद राख. मला ते बघवणार नाही. खरंच ओकारी येते मला."

दाराशी धूरवाला अजून उभा होता. माई चालू लागल्या की गोदामातली माणसं आपोआप वाट देत. त्याला भान नव्हतं, तो वाट अडवूनच उभा राहिला. माईंनी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. नाकाला पदर लावला, अंग चोरलं आणि त्याच्या बाजूनं निघून गेल्या.