पट्टी ओढू नका

सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर उघडला तर ग्रुप गायब. चार हजार आईबाप, एकवीस वर्षांची विचारपूस, आणि त्या सगळ्याच्या जागी एक ओळ: 'हा ग्रुप आमच्या नियमांत बसत नाही.' कारण काय, तर किळसवाणे फोटो. मेल्यांनो, ती आमची पोरं आहेत!

माझ्या लेकीची कातडी जन्मापासून नाजूक. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. असं मूल डॉक्टरांना उभ्या जन्मात एखादंच दिसतं, त्यामुळे काळजी कशी घ्यायची ते त्यांनाही धड ठाऊक नसतं. आम्ही आईबाप मग जखमांचे फोटो टाकून एकमेकांना विचारायचो.

काल संध्याकाळी आमच्याच जिल्ह्यातल्या एका नव्या बापानं लिहिलं होतं. बाळ चार दिवसांचं, सलाइनची नळी धरायला हातावर चिकटपट्टी लावलीय, उद्या अकराला काढणार, काही सांगायचंय का? सांगायचंय का! ओढली तर पट्टीबरोबर कातडी येते. लेकीच्या मनगटावर अजून वण आहे. मी घाईघाईत लिहिलं, 'ओढू देऊ नका. सकाळी फोटोंसकट नीट सांगते.' फोटो दाखवले नाहीत तर नर्स ऐकत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून मी नेहमी फोटोंसकटच सांगते. आणि आता ग्रुप नाही, फोटो नाहीत, त्या बापाचं नावही आठवत नाही.

"फोन नंबर?" लेकीनं विचारलं. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बोटांना पट्ट्या गुंडाळत होती.

"नंबर द्यायचा नाही, असा नियम आहे ना."

"कुणाचा नियम?"

माझाच. दुसऱ्या कुणाचा असणार?

ही लेक वर्षाची होती तेव्हा आमचा एक साधा मेसेज बोर्ड होता. इंटरनेट फोनच्या वायरीवरून यायचं, एक फोटो उघडेपर्यंत भाजी चिरून व्हायची. घरं तेवीस. पण प्रत्येक निरोपाखाली घरचा नंबर असायचा, आणि पोराचा ताप वाढला की कुणीतरी खरंच फोन उचलायचं. मग ही ग्रुप चालवणारी कंपनी आली. फुकट, झटपट, सगळे तिकडेच. मीही भुलले. दोन दोन घरं कोण सांभाळणार म्हणत दहा वर्षांपूर्वी जुने निरोप इकडे हलवले आणि बोर्ड माझ्या हातानं बंद केला. सुरुवातीला छानच वाटलं. नंतर माणसं वाढली, मलमं विकणारे घुसले, पोरांचे फोटो चोरून कुणी टवाळी करायला लागलं. कंपनीला कळवलं की उत्तर यायचं, 'यात आम्हाला काही गैर आढळलं नाही.' टवाळी चालते, जखम चालत नाही! शेवटी मीच नियम केला, नंबर कुणी द्यायचा नाही.

मी तक्रार नोंदवली. तिसऱ्या सेकंदाला उत्तर: 'आमचा समुदाय सुरक्षित ठेवण्यास मदत केल्याबद्दल धन्यवाद.' खाली पाच चांदण्या. अनुभव कसा वाटला, सांगा म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस असता तर कान उपटला असता. माणूसच नाही तिथे, कुणाशी भांडू?

"आई, त्यांच्या नावानं नंतर बोटं मोड," लेक म्हणाली. "आधी फोन लाव."

तिनं जिल्ह्यातल्या बाळंतपणाचे वॉर्ड असलेल्या हॉस्पिटलांची यादी काढली. अर्धी तिनं घेतली, अर्धी मी. "चार दिवसांचं बाळ आहे का, कातडी सुटणारं?" कुणी होल्डवर ठेवलं, कुणी माझं नातं विचारलं, एकीनं तर मला पत्रकार समजून झापलं. अकरा वाजले. लेकीच्या बोटाची पट्टी ओली झाली, तरी ती नंबर दाबतच होती. मी ओरडले, तर म्हणाली, "तू तुझा फोन बघ."

बारा वाजून गेले आणि माझ्या फोनवर एक नर्स म्हणाली, "आहे ना. थांबा, त्याच्या वडिलांना देते."

मी नमस्कारही केला नाही. "पट्टी ओढू नका! वर मलमाचा जाड थर द्या, भिजू द्या, आपोआप सुटेपर्यंत..."

"काढली," तो म्हणाला. मागे बाळ रडत होतं. दमून घोगरं झालेलं रडणं. मला ते ओळखीचं आहे.

"ताई, तुम्ही सांगते म्हणालात म्हणून साडेअकरापर्यंत मी त्यांना अडवून धरलं. भांडलो त्यांच्याशी. सारखा फोन बघत होतो. मग वाटलं, तुम्ही विसरलात."

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

"आई विसरली नाही," ती म्हणाली. "दादा, जखमेचं काय करायचं ते आता सांगतो आम्ही. पण आधी कागद घ्या. आमचा नंबर लिहा."