काकूंच्या शेजारी

भाताच्या कुकरचं बटण टक्कन वर उडालं, तेव्हा कुठे सालकिनच्या लक्षात आलं की पंगदादाने फोन कधीचाच ठेवलाय आणि आपण तो अजून कानाला लावून उभ्या आहोत.

त्याने सांगितलं होतं ते एवढंच, की शुए सर पहाटे गेले, परवा सकाळी अंत्यदर्शन. मग घसा खाकरून म्हणाला होता, "धाकटे, तुम्हा परदेशी मुलांवर सक्ती नाही हं. नाही आलीस तरी कुणी नावं ठेवणार नाही." चीनमधल्या त्या विद्यापीठात एकाच सरांच्या हाताखाली वाळवंटाचा अभ्यास करणारी सगळी एकमेकांची भावंडं. पंग सगळ्यांत थोरला, आणि किरगिझस्तानातून आलेली सालकिन सगळ्यांत धाकटी. पस्तिशीला टेकली, पदरात पाच वर्षांची पोर, तरी धाकटीच.

"आई, भात झाला," बेरमेत खुर्चीवर पाय हलवत म्हणाली. "टोमॅटो-अंडं कुठंय?"

"करते."

सालकिनने टोमॅटो चिरले. फोडी नेहमीपेक्षा जास्तच एकसारख्या झाल्या. आता येईल, मग येईल, असं म्हणत ती वाट पाहत होती. अंडी फेटून झाली, तेल तापलं, भाजी ताटात पडली. रडू काही आलं नाही.

तसं ते मागच्याच्या मागच्या हिवाळ्यातही आलं नव्हतं. गावाकडे, नारिनच्या डोंगरात तिचे वडील वारले तेव्हा साथीमुळे सरहद्दी बंद होत्या, विद्यापीठाची फाटकं बंद होती, वसतिगृहाचा जिनासुद्धा बंद होता. फोनच्या पडद्यावर तिने त्यांना नेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी शुए सर पास काढून वसतिगृहात तिच्या खोलीवर आले. तोंडातून सांत्वनाचा शब्द नाही. तिच्यासमोर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिले आणि दाण्यांचा छोटा ढीग तिच्या बाजूला सरकवत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "वाळवंटात गवताच्या पेंढ्या पुरतो ना आपण, त्या वाळू थांबवत नाहीत. नुसती हळू करतात. खा."

तिने खाल्लं होतं.

रस्ते उघडूनही आता वर्ष होत आलं. स्कॉलरशिप होती, विमान होतं, प्रबंध महिनाभर थांबला असता. पण तिच्या गावात उशिरा पोचणाऱ्या लेकीने फाटकापासूनच आकांत करत घरात शिरायचं असतं. आत गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बापाला गात हाका मारायच्या. शब्द जिचे तिने जुळवावेत, आवाज मात्र पोटातून यायला हवा. कोरड्या डोळ्यांनी उंबरा ओलांडणारीचं नाव सगळं गाव तिच्या नातवंडांपर्यंत चघळतं. बाकी सगळं जमण्यासारखं होतं. रडू तेवढं जमत नव्हतं, म्हणून ती गेली नव्हती.

दुपारी अपाचा, म्हणजे आईचा, फोन आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे अर्धी अपा आणि अर्धं छत.

"कधी येतेस?"

"बघते, अपा. प्रबंध…"

"प्रबंधाला काय पाय फुटलेत पळून जायला? तुझ्या आत्याचा रडून रडून आवाज बसला, अजून घोगरी बोलते. आणि पोटची लेक फोनवर नुसती हो, हो करत होती. शेजारीण परवा विचारते कशी, तुझी चीनवाली जिवंत आहे ना?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आहे. पैसेही पाठवते." अपाने डोळे बारीक केले. "तोंड का असं?"

"आमचे सर गेले, अपा. आज पहाटे."

"ते म्हातारे? बियावाले?" अपाचा आवाज एकदम खाली आला. ती कॅमेऱ्याजवळ सरकली, आता नुसते डोळेच दिसत होते. "त्यांच्यासाठी रडलीस?"

"नाही."

अपा पुन्हा मागे सरकली, पडद्यावर परत अर्धं छत आलं. मग म्हणाली, "बरं." तिला बरं वाटलं की वाईट, ते त्या एका शब्दावरून सालकिनला कळेना. विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेरमेतला घेऊन सरांच्या घरी गेली. प्राध्यापकांच्या जुन्या इमारतीतला चौथा मजला. दिवाणखान्यात सरांचा फोटो, पुढे सफरचंदं आणि उदबत्ती. भावंडं जमिनीवर बसून पांढऱ्या कागदाची फुलं वळत होती. पंगदादा सगळ्यांवर देखरेख करत होता आणि स्वतः एकही धड करत नव्हता.

"हे काय, कोबी आहे का?" तो एकावर खेकसला. "सर असते तर म्हणाले असते, पुन्हा करा, आकडे जुळत नाहीत."

"सर असते तर फुलं कशाला लागली असती?" कुणीतरी पुटपुटलं. सगळे हसले आणि हसता हसता दोघीतिघी रडायला लागल्या. पंगदादाने चष्मा काढून स्वेटरला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

सालकिन फुलं वळत राहिली. तिची नीट होत होती.

"आजोबा कुठेत?" बेरमेतने विचारलं. दर रविवारी ती या घरी यायची. सर तिला खांद्यावर घेऊन बाल्कनीतून हुआंग नदी दाखवायचे आणि नदी आज कुठल्या रंगाची आहे यावर दोघं भांडायचे.

"सांगितलं ना काल. गेले."

"हो, पण कुठेत?"

तेवढ्यात सरांच्या पत्नीने, काकूंनी, सालकिनला आत बोलावलं. काकू पलंगाच्या कडेवर बसून सरांचे मोजे जोडीने गुंडाळत होत्या.

"दार लोट," त्या म्हणाल्या. "आमचा बाळ काही पोचत नाही. टोरांटोत बर्फामुळे विमानं अडकलीत. कालपासून फोनवर इतका रडतोय की मीच त्याला गप्प करतेय. म्हटलं, अरे, नवरा माझा गेला." त्या किंचित हसल्या. "उद्या घरच्यांच्या रांगेत मी एकटी. नणंद आहे, पण ती उभी राहिली की कोसळते. पंग तर बघतेसच. माझ्या शेजारी तू उभी राहा."

"मी? काकू, मी परकी…"

"परकी काय? घरी आलीस की तुला चालत नाही म्हणून सर डुकराचं मांस फ्रीजमध्ये मागे लपवायचे, कुठल्या परकीसाठी?" काकूंनी आणखी एक जोडी गुंडाळली. "हे बघ, मला शेजारी रडणारं माणूस नकोय. कुणी रडलं की मी गेले. हजार लोक येतील, हात हातात घेतील. तू रडत नाहीस. सर म्हणायचे, ही पोरगी वाऱ्यात उभी राहते."

गावात जे तोंड दाखवायची लाज होती, तेच इथे कुणी मागून घेत होतं. सालकिनने होकारार्थी मान हलवली. मग तीही मोज्यांची एक जोडी गुंडाळायला बसली.

निरोपाच्या दिवशी शहरावर पिवळट धूळ होती. दालन गच्च भरलं होतं. मध्ये सर फुलांत निजलेले. केस कुणीतरी भलत्याच बाजूला विंचरले होते. बेरमेतला एका विद्यार्थ्याजवळ मागे ठेवून सालकिन काकूंच्या डावीकडे उभी राहिली, दंडाला काळी फीत, छातीवर कागदाचं फूल. सगळ्यांनी मिळून तीनदा कमरेत वाकून नमस्कार केला. मग रांग सरकायला लागली. लोक सरांना फेरी घालून यायचे, आधी काकूंचा हात धरायचे, मग तिचा. "सांभाळा स्वतःला." "जपा." कुणी तिच्याकडे बघून गोंधळायचे, तरी हात धरायचेच. काकूंचा दुसरा हात तिच्या कोपरात अडकवलेला होता आणि तो हळूहळू जड होत होता. सालकिनने गुडघे घट्ट केले. काकूंचं सगळं वजन आपल्यावर आलंय आणि आपण पडत नाही, एवढंच तिला कळत होतं.

आणि मागून आवाज आला.

"आजोबा! ओ आजोबा! उठा ना!"

त्या विद्यार्थ्याचा हात झटकून बेरमेत दारापासून धावत येत होती. "मी आलेय! नदी पिवळी आहे, मी हरले, तुमचं खरं! उठा ना, आजोबा!" तिने फुलांचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि हंबरडा फोडला. शब्द चिनी होते. पण आवाज पोटातून, दारापासून उचललेला, श्वास तुटेपर्यंत ताणलेला. असा आवाज पोरीने जन्मात कधी ऐकला नव्हता. अपा इथे असती तर मान डोलावून म्हणाली असती, हां, असं.

सबंध दालनाचा बांध फुटला. पंगदादा खाली बसला. नणंदबाई कोसळल्या. काकू थरथरायला लागल्या आणि सालकिनच्या कानाशी म्हणाल्या, "जा, घे तिला. मी उभी राहते. जा तू."

तिने लेकीला उचललं आणि बाजूच्या दाराने बाहेर नेलं. पायऱ्यांवर दोघी बसल्या. बेरमेतचे हुंदके आता उचक्यांसारखे येत होते, मध्येच थांबून पुन्हा. सालकिनने तिचं नाक आपल्या बाहीने पुसलं, कपाळावरचे ओले केस मागे सारले, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सगळे बघत होते ना?" बेरमेत म्हणाली.

"बघू देत."

"मी खूप मोठ्यांदा रडले."

"हो."

"थांबतच नव्हतं. मी थांबवत होते, तरी थांबत नव्हतं." तिने मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग एक बोट आईच्या डोळ्याखाली टेकवलं, दुसऱ्या डोळ्याखालीही टेकवलं आणि ते बोट नीट निरखून पाहिलं.

"आई, तू कसं थांबवतेस?" तिने विचारलं. "मला पण शिकव ना."