अकरा वेळा शेकलेली हलगी

कोंडीबांच्या पत्र्याच्या पेटीत सव्वीस कात्रणं, दोन वह्या, एक दौत आणि एका काडीचा चष्मा होता. घड्याळ नव्हतं. हाफिजनं पेटी पुन्हा एकदा तळापर्यंत उपसली.

विज्ञानाची पदवी घेऊन तो साताऱ्याच्या एका साप्ताहिकात नुकताच लागला होता. गाजलेल्या कुस्त्यांच्या जुन्या बातम्या पुन्हा छापायच्या होत्या. पहिली होती कोंडीबांनी १९३१ साली लिहिलेली कुंडलची कुस्ती: लालासाहेब आणि बादशहा, एक तास पन्नास मिनिटं, बरोबरीत. संपादकांनी बजावलं होतं, आधार सापडला तरच आकडा ठेव.

"मग वेळ मोजलीत कशी?"

"हलगीवरनं," कराडच्या आपल्या ओसरीवर सुपारी कातरत कोंडीबा म्हणाले. "कातडं सैल पडलं की वाजवणारा धुळा ती जाळावर शेकायचा. कुस्ती सुटेपर्यंत अकरा वेळा शेकली. खेपेला दहा मिनिटं धरली."

"धरली?"

"मग काय! घड्याळ घ्यायची ऐपत असती तर बातमीदार कशाला झालो असतो?"

हाफिज तसाच कुंडलला गेला. लालासाहेबांनी त्याला पारावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सगळं ऐकून हात जोडले. "तेवढा आकडा काढू नका, सायेब. अठरा वर्सं गाव मला त्याच्यावरच वळखतंय."

"चाळीस मिनटं झाली आसतील," शेजारी टेकलेले बादशहा म्हणाले. "ह्यो पळत हुता, म्हणून लांबली."

"कोण पळत हुतं रं?"

हाफिजनं मनगटावरचं घड्याळ सोडलं. महिना तोच होता, माघ. मैदान तेच, हलगी तीच, वाजवणारा धुळाही तोच. त्यानं दुपारी तिघांना मैदानात नेलं. धुळानं जाळ केला, हलगी तापवली आणि हात आखडून उभा राहिला.

"वाजवा की."

"मोकळ्या मातीपुढं माजा हात चालत न्हाई, सायेब. जोड पायजे."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग पटके उतरले, सदरे उतरले.

"गड्या, पोट आवर. मधी येतंय."

"तुजंच हाय ते!"

हलगी कडाडली. पहिल्या खेपेला दोघं नुसते हसत माना घुसळत होते. दुसऱ्या खेपेला बादशहांनी पट काढला आणि लालासाहेब थोडक्यात निसटले. तिसऱ्या खेपेला कुस्ती खरीच जुंपली. पोरं, बाया, बैलं घेऊन निघालेली माणसं कडेनं गोळा झाली. हाफिजची नजर मात्र धुळाच्या बोटांवर होती. आवाज बसला, धुळा जाळाकडं वळला, की तो घड्याळाचा काटा टिपे.

अखेर दोघं मातीत बसले.

"सांगा आता," धापा टाकत लालासाहेब म्हणाले. "आकडा ऱ्हातूय का जातूय?"

हाफिजनं वहीतलं वाचून दाखवलं. "अकरा मिनिटं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. अकरा मिनिटं वीस सेकंद. सरासरी अकरा मिनिटं वीस सेकंद. अकरा खेपांचे दोन तास, चार मिनिटं, चाळीस सेकंद. छापलेल्या आकड्याहून जास्तच."