मागच्या चाकावरचा धागा

मार्गशीर्षातली पहाट. घाटमाथ्यावर धुकं दाटलेलं, दुधाळ, दरीच्या कडेपर्यंत ओसंडलेलं. पूर्वेला केशराची एक क्षीण रेषा उमटली, आणि त्या कोवळ्या, कापऱ्या उजेडात हिंदुराव चौगुल्यांना तो धागा दिसला.

पांढरा. केसाएवढा. लेकीच्या शर्यतीच्या सायकलवर, मागच्या टायरवर, ओल्या फडक्याखाली.

गडहिंग्लजात तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेला हा माणूस. टायरच्या पाठीवर एक इवला खळगा असतो. तो बुजला की टायर संपला. इथे तो पार बुजलेला. गोल पाठ सपाट झालेली, रबर सरलेलं, आतलं कापड वर आलेलं. गिऱ्हाईक असतं तर ते ओरडले असते, "टाकून द्या हो, जिवावर बेतेल!" नवा टायर गाडीच्या डिकीतच होता. काम दहा मिनिटांचं.

पण शर्यतीच्या दिवशी नवं काही लावायचं नाही, हा त्यांचाच नियम. नवे बूट नाहीत, नवं सीट नाही, नवा टायर तर नाहीच. त्याचा तुळतुळीतपणा आधी रस्त्यावर उतरावा लागतो. शर्वरीला हे त्यांनी बाराखडीसारखं शिकवलेलं. आणि त्या घटकेला ती डोळे मिटून उभी होती, शांत, एकाग्र, निवातज्योत. पोरीचं मन बिचकायला नको. त्यांनी फडक्याची घडी केली आणि तोंडाला कुलूप घातलं. एवढंच केलं बघा त्यांनी, एवढंच.

शर्यत सुटली. आधी माथ्यावरची लांब फेरी, मग घाटाची उतरण. हिंदुराव गाडीनं पुढे पायथ्याशी आले, शेवटच्या रेषेपाशी उभे राहिले, आणि मग भीती आली.

अकरा वळणं. नागमोडी, निसरडी, निर्दय वळणं. एका हाताला काळाकभिन्न कातळ, दुसऱ्या हाताला दरी, निळी, निःशब्द, अथांग. आणि प्रत्येक वळणावर तो धागा झिजत असणार, ताणत असणार, तटतटत असणार. "देवा रे, मी बोललो का नाही?" ते पुटपुटले. आता सांगायचं तरी कुणाला?

पहिली आली. मग दुसरी, मग पाच जणींचा घोळका. लाल सदरा, पिवळा सदरा, मोरपंखी सदरा, चाकांची सणसण. प्रत्येक रंगापाशी त्यांचं काळीज धावत जाई, आणि प्रत्येक रंग दुसऱ्याचीच लेक निघे. शर्वरीचा सदरा जांभळा. जांभळा काही येईना.

"किती राहिल्या?" त्यांनी शिट्टीवाल्या स्वयंसेवकाला विचारलं.

"एकच, काका."

ऊन चढलं. धुकं विरलं. रस्ता रिकामा, काळा, लखलखीत. इतका रिकामा रस्ता त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आणि वळणावर काहीतरी जांभळं हललं.

चालत येत होती. अनवाणी, बूट सायकलच्या हँडलला अडकवलेले, उजवा गुडघा रक्तानं माखलेला, मागच्या टायरच्या चिंध्या. हिंदुराव धावले. जिवंत होती, हो, जिवंत होती!

"कठड्यानं अडवलं, बाबा," ती म्हणाली. "पलीकडे काहीच नव्हतं."

त्यांनी तिला रस्त्याकडेला बसवलं, गुडघा धुवायला पाण्याची बाटली उघडली. सगळं सांगून टाकायचं होतं त्यांना, पाय धरायचे होते तिचे. तेवढ्यात तीच बोलली, रागानं नव्हे, अगदी सहज.

"तो धागा मला काल सायंकाळीच दिसला होता. जाम घाबरले होते. पण सकाळी तुमचं बोट त्याच्यावर थांबलं, मी बघत होते हळूच. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, बाबा गप्प आहेत, म्हणजे चालतंय की."

हिंदुराव बाटली कलती करत राहिले. नजर गुडघ्यावर नव्हती, टायरच्या चिंध्यांवर होती. पाणी गुडघ्यावर पडेना. ते बाजूला पडत होतं, डांबरावर पडत होतं, तापत्या काळ्या रस्त्यावरून संथ, मूक, उतारानं खाली चाललं होतं.