एकशेचाळीस अंश

समुद्राच्या बांधामागच्या मैदानावर ओनो उकेनच्या रिमोटवरच्या हेलिकॉप्टरला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बायकोचीही नव्हती. पात्यांचा पसारा दीड मीटर, आणि लोक त्याला खेळणं म्हणायचे! अहो, त्या माणसानं पंचवीस वर्षं त्यावर जीव ओवाळून टाकला होता. पण दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. चहाचा कप उचलला की निम्मा चहा सायीसकट बशीत. अशा हातांनी रिमोट काय धरणार? त्यानं यंत्र माळ्यावर ठेवलं आणि मैदानाचं नाव काढणंच सोडलं.

गेस्केला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते बघवेना. ती उठली आणि साठीत हेलिकॉप्टर शिकायला लागली. वर्षभर संगणकावर खोटी हेलिकॉप्टरं आपटली, मग छोटं खरं आपटलं, मग हळूहळू आपटायची थांबली. या हिवाळ्यात तिनं ओनोचं यंत्र खाली काढलं आणि जुनं वायरिंग उपटून सगळं नवं बसवलं. ओनो खिडकीशी बसून बघायचा.

हेलिकॉप्टरचा सगळा जीव पात्यांखालच्या एका तबकडीत असतो. ती उभ्या शाफ्टवर बसते. तिला बाहेर निघालेले तीन हात असतात आणि सर्व्हो नावाच्या तीन छोट्या मोटारी त्या हातांना धरून ठेवतात. तिघींनी मिळून उचलली की यंत्र वर जातं, कलवली की त्या अंगाला जातं. ओनोची तबकडी बाजारातली नव्हती. जहाजांच्या कारखान्यात नोकरीला असताना जेवणाच्या सुट्टीत त्यानं ती स्वतः लेथवर कातली होती. फुटली तर दुसरी मिळणार नव्हती. आणि ती फुटली तर ओनो परत कधी मैदानावर पाय ठेवणार नाही, हे गेस्केला पक्कं ठाऊक होतं.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी ती त्याला मैदानावर घेऊन आली. क्लबातर्फे मैदानाची त्या दिवशीची जबाबदारी हाबोकडे होती. तपासल्याशिवाय कुणाला उडवू द्यायचा नाही, असा हा माणूस.

"मॉइन!" हाबोनं तिकडच्या रीतीनं नमस्कार घातला. "काय गं गेस्के, आज नवऱ्याची इस्टेट उडवणार म्हणे?"

"तू आधी तपास, जीभ नंतर चालव."

त्यानं तपासलं. तबकडी वर नेली, खाली आणली, तिच्यावर मोजपट्टी टेकवली, मग सहज पुढंमागं कलवून पाहिली. कुठं रेसभर फरक नाही. "झक्कास! जा, उडव," तो म्हणाला.

"नाही उडवायचं," मागून खुर्चीतून ओनो म्हणाला.

गेस्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? मी हात लावला म्हणून? दोन वर्षं झुरतोयस, मलाही झुरवतोयस. आता उडवायची वेळ आली तर नाट लावतोस?"

"तबकडी चढतेय."

"कुठं चढतेय? हाबोनं आत्ता मोजली!"

"वरखाली नको बघू. शाफ्टवर पेन्सिलीनं रेघ मार, तबकडीच्या वरच्या कडेला लागून. आणि आता नुसती पुढं कलव."

तिनं रागारागातच रेघ मारली आणि स्टिक पुढं ढकलली. तबकडी पुढं कलली. आणि कलता कलता मधोमध किंचित वर सरकली. रेघ झाकली गेली. हाबो चष्मा वर करून वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"अगं बाई," गेस्के पुटपुटली.

"मागं ओढशील तेव्हा खाली बसेल," ओनो म्हणाला. "गुडघाभर उंचीवर मागं ओढलंस की थेट गवतात. तबकडीच्या हातांमधले कोन मोज की."

तिनं मोजले, आणि मोजताना लाजेनं तिचे कान तापले. हल्लीच्या सगळ्या तबकड्यांचे तीन हात सारख्या अंतरावर, एकशेवीस अंशांवर असतात. तिनं रिमोटमध्ये डोळे मिटून तेच निवडलं होतं. क्लबात सगळे तेच निवडतात. ओनोच्या तबकडीचे पुढचे दोन हात एकमेकांजवळ होते, मागचा त्यांच्यापासून एकशेचाळीस अंशांवर. सारा हिवाळा ती तबकडी तिच्या हातात होती, पण तिला ते दिसलं नव्हतं. आणि या माणसाला ते दहा पावलांवरून, खुर्चीत बसून दिसलं! केसभर हालचाल ती!

"हे तुला दिसलं तरी कसं रे?" हाबोनं विचारलं.

"डोळे थरथरत नाहीत माझे," ओनो म्हणाला.

तिनं रिमोटमध्ये एकशेचाळीस निवडलं, सर्व्हो पुन्हा जुळवले. रेघेशी तबकडी पुढं कलली, मागं कलली, जागची हलली नाही. मग गेस्के यंत्र गवतात ठेवून मागं आली. ओनोनं खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.

पाती फिरली, दिसेनाशी झाली आणि यंत्र उचललं गेलं. काय सांगावं! छातीच्या उंचीवर ते थांबलं आणि थांबूनच राहिलं, बांधावरून वारा येत असताना! वारा ढकलायचा, तबकडी कुठंतरी आत केसभर कलायची, यंत्र जागच्या जागी. एवढं पाच किलोचं धूड, आणि तिच्या दोन अंगठ्यांवर तोललेलं. मग तिनं ते वर नेलं, लांब वळण घेतलं, मेंढ्यांवरून परत आणलं. ओनो आता ओरडेल, शिकवेल, म्हणून ती कान टवकारून होती. पण कानावर नुसता पात्यांचा आवाज पडत होता. यंत्रावरून नजर काढणं शक्य नव्हतं, म्हणून तिला त्याचं तोंडही बघता येईना.

पाच मिनिटांनी तिनं यंत्र अलगद उतरवलं. पाती थांबली.

"कसं उडालं?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत," ओनो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यानं वर बघितलंच नाही," हाबो म्हणाला. "पूर्ण वेळ तुझ्या हातांकडं बघत होता."

गेस्केनं वळून पाहिलं. ओनोचे डोळे भरले होते, आणि नजर अजून तिच्या अंगठ्यांवरच होती.

"पंचवीस वर्षं उडवलं मी," तो म्हणाला. "पण उडवताना आपले हात आपल्याला दिसत नाहीत, गेस्के. आज पहिल्यांदा बघितलं, काय करतात ते."